जुन्या आवृत्तीचा सुलतान

मस्कतहून सलालाला गाडीने कसं जायचं हे तुम्हाला जाणून घ्यायचं असेल, तर फर्स्ट शिफ्टला आमच्या कंपनीच्या बसमध्ये बसा. खिडकीशी बसलेले महादेव कोळेकर तुम्हाला सगळा रस्ता सांगतील. निझवा कधी लागतं, आदम सोडल्यावर डोंगर कसे संपतात, हायमाला डिझेल का भरून घ्यायचं, आणि पुढे रस्त्यावर उंट आला तर हॉर्न का वाजवायचा नाही, हे सगळं ते इतक्या तब्येतीत सांगतात की आपल्या दाताखाली वाळू कचकचायला लागते. मात्र याच माणसाला निगडीहून आकुर्डीला कसं जायचं हे चुकूनही विचारू नका. माझ्या मुलीच्या लग्नात कोळेकर कार्यालय शोधत शोधत भलत्याच लग्नात शिरले, पोटभर जेवले, आहेर देऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये मला म्हणाले, "पवार, मुलगी अगदी वहिनींच्या वळणावर गेलीय हां."

तर हे कोळेकर ओमानला एकदाही गेलेले नाहीत. ओमानच कशाला, विमानतळाच्या आतही त्यांनी पाऊल टाकलेलं नाही. पासपोर्ट मात्र आहे. तो मुदत संपायच्या आत ते नेमाने नवा करून घेतात, आणि त्याची सगळी पानं कोरी आहेत.

आमची कंपनी चाकणला. गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग आम्ही बनवतो. कोळेकर फायनल इन्स्पेक्शनला आणि मी डिस्पॅचला. त्यांच्या टेबलावरून माल पास झाल्याशिवाय माझ्या ट्रकमध्ये चढत नाही, त्यामुळे आमचं रोज एक भांडण आणि रोज दोन चहा ठरलेले. माणूस मूळचा जत तालुक्यातला. बारीक अंगाचा, पांढऱ्या मिशांचा, रिटायरमेंटला टेकलेला. ओमानात सुलतानाचं राज्य असतं हे त्यांनीच आम्हाला सांगितलं, आणि त्या दिवसापासून सगळी कंपनी त्यांना सुलतान म्हणायला लागली. वॉचमनसुद्धा गेटवर "या सुलतान" म्हणूनच आत घेतो. कोळेकरांना त्याचं काही नाही. ते मान डोलावतात आणि विचारतात, "पाणी घेतलंय ना?"

हा त्यांचा रामराम. बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला ते हाच प्रश्न विचारतात. स्वतःजवळ पाण्याचा एक कॅन असतो, लहान मुलासारखा मांडीवर धरलेला. मोशीहून चाकणला जायला असं कितीसं पाणी लागतं, असं एका नव्या इंजिनिअरने विचारलं. कोळेकर म्हणाले, "पुस्तकात आहे. मुक्कामाचं अंतर बघायचं नाही, गाडी बंद पडली तर काय ते बघायचं." तळेगाव चौकाच्या ट्रॅफिकमध्ये त्या दिवशी आम्ही असे काही अडकलो की त्याच इंजिनिअरने मुकाट्याने कॅनपुढे ग्लास धरला.

पुस्तकं म्हणजे प्रवाशांसाठी असतात ती गाइडबुकं. ओमानची गाइडबुकं, वाळवंटातल्या प्रवासाची वर्णनं, रस्त्यांचे नकाशे. सगळं इंग्रजीत. कोळेकर आयटीआय झालेले, त्यामुळे इंग्रजी त्यांना बोटाखाली धरून वाचावं लागतं. जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेलं पुस्तक, ओळीखालून सरकणारं बोट आणि पुटपुटणारे ओठ. समोरून बघणाऱ्याला वाटावं माणूस पोथी वाचतोय. या वाचनाचा परिणाम असा झाला, की हळूहळू कोळेकर स्वतःच गाइडबुकासारखे बोलायला लागले. कॅन्टीनमधली उसळ तिखट असली की रांगेत मागच्यांना बजावणार, "प्रवाशाने नोंद घ्यावी, रस्सा जपून." प्लांट हेड साहेब घरून भांडून आले असले की, "प्रवाशाने नोंद घ्यावी, आज डोंगरावर ढग आहेत. चढाई टाळावी." एकदा दिल्लीहून ऑडिटला आलेल्या पाहुण्याने जेवताना सहज विचारलं, की इथे जवळपास बघण्यासारखं काय आहे? आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. कोळेकरांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "चाकणचं कांदा मार्केट. भेटीची योग्य वेळ सकाळ. डोळ्यांना पाणी येण्याची शक्यता. परतीच्या वाहतुकीची खात्री देता येत नाही." पाहुण्याने खरोखरच मार्केट पाहिलं आणि पिशवीभर कांदे घेऊन विमानात बसला.

वाळवंटावर लिहिणाऱ्या लेखकांबद्दल त्यांची मतं ठाम होती. "एक जात अशी असते पवार, की रात्री वाळूत झोपायचं, चांदण्या बघायच्या आणि रडायचं. अरे, चांदण्या बघायला एवढ्या लांब कशाला? जतला ये की, फुकट दाखवतो." दुसऱ्या एका लेखकाचं पहिल्या प्रकरणातच पोट बिघडलं होतं आणि ते शेवटपर्यंत काही सुधारलं नाही. कोळेकरांनी ते पुस्तक कसंबसं संपवलं. "देश कुठला ते कळलंच नाही राव. सगळं पुस्तक संडासात." ज्याच्यावर त्यांचा राग, त्याच्याबद्दल ते म्हणत, "हा काचेतून बघून आला." आणि सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे, "हा खाली उतरला." असं कौतुक एकाच बाईच्या वाट्याला आलं होतं. तिने म्हणे आपल्या ड्रायव्हरला त्याच्या घरी कोण कोण आहे ते विचारलं होतं आणि ते पुस्तकात लिहिलं होतं.

त्यांची एक तक्रार मला समजायची नाही. ते म्हणायचे, "किल्ला किती जुना ते सगळे लिहितात. बकऱ्यांचा बाजार शुक्रवारी भरतो ते सगळे लिहितात. पण कामगारांच्या कॅम्पवर शुक्रवारी काय शिजतं? टँकरवाला दुपारच्या वक्ताला सावली कुठं धरतो? एकानं लिहिलं असेल तर शपथ!"

"अहो, पण प्रवाशाला ते कशाला हवंय?" मी म्हणालो.

"कुणाला तरी हवं असेल की," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागले.

पण याहून मोठं कोडं मला माण गावातल्या रद्दीच्या दुकानात पडलं. हिंजवडीचं आयटी पार्क वाढत वाढत माणपर्यंत गेलं, तेव्हापासून तिथल्या रद्दीवाल्यांची चांदी आहे. परदेशी जाणारी, परदेशातून आलेली, बदली झालेली पोरं घर सोडताना पुस्तकांची खोकी तशीच काढून टाकतात. कोळेकर गुरुवारच्या सुट्टीला तिकडे चक्कर मारायचे. एकदा त्यांची स्कूटर बंद होती म्हणून मी माझ्या बाइकवर घेऊन गेलो. रद्दीवाला आम्हाला बघून खूश झाला. त्याने कोळेकरांसाठी खास जपून ठेवलेलं एक गाइडबुक काढलं. कोरं करकरीत, गुळगुळीत पानं, रंगीत नकाशे, ताजी आवृत्ती. मला वाटलं, आता हा माणूस नाचणार.

कोळेकरांनी पुस्तक उघडलं. रस्त्यांच्या नकाशावरून बोट फिरवलं आणि मिटून परत दिलं. "जुनं नाही का याचं?"

"जुनं?" रद्दीवाला गोंधळला. "चाचा, ये एकदम लेटेस्ट है."

"तेच तर. मला जुनं पाहिजे. जेवढं जुनं तेवढं बरं."

मग त्यांनी स्वतःच गठ्ठ्यात डोकं घातलं आणि तासाभराने पाठ खिळखिळी झालेलं, अर्धा नकाशा फाटलेलं एक पुस्तक छातीशी धरून बाहेर आले. चेहरा असा, की देवाचा अंगारा मिळालाय. परत येताना मी बाइकवरून ओरडून विचारलं, "अहो कोळेकर, त्यातले निम्मे रस्ते आता राहिले नसतील! हॉटेलं बंद पडली असतील!" मागून उत्तर आलं, "असू दे की." आता सांगा, प्रवासाला निघालेला कुठला माणूस कालबाह्य नकाशा मुद्दाम शोधून घेतो? मी घरी येऊन बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, त्यांना जायचंच नसेल. मला ते मुळीच पटलं नाही. कोरा पासपोर्ट सांभाळणाऱ्या माणसाला जायचं नाही, असं कसं होईल?

आम्हा सगळ्यांना मनापासून वाटायचं, की या माणसाला रिटायर होण्याआधी एकदा तरी ते वाळवंट बघायला मिळावं. आम्ही त्यांची टर उडवायचो खरं, पण त्यांनी पुस्तकातला ओमान आमच्या बसमध्ये आणून सोडला होता. त्याचा लळा आम्हालाही लागला होता.

टर उडवायला त्यांनी कारणं मात्र भरपूर दिली. मागच्या पावसाळ्यात महाळुंगेच्या अलीकडे एक कंटेनर आडवा झाला होता. आमचा ड्रायव्हर बबन तिथलाच, त्याने बस आतल्या कच्च्या रस्त्याने घातली आणि मागचं चाक काळ्या मातीत बसलं. ॲक्सिलरेटर दिला की चाक जागच्या जागी फिरतंय. सगळे खाली उतरलो. कोळेकर चाकाभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "टायरातली हवा कमी करा."

बबन म्हणाला, "अवो, काय बोलताय?"

"पुस्तकात आहे. हवा कमी केली की टायर पसरतो, पसरला की वर येतो. वाळवंटात सगळे हेच करतात."

"सुलतान, ती वाळू आसंल. ह्यो चिखूल हाय."

पण फर्स्ट शिफ्टची वेळ टळत होती आणि दुसरं काही कुणाला सुचत नव्हतं. कोळेकरांनी स्वतः गुडघ्यावर बसून, काडीने व्हॉल्व्ह दाबून हवा सोडली. बस थोडी हलली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग ती एका बाजूने अशी काही शांतपणे खाली बसली, जशी म्हैस डबक्यात बसते. शेवटी जवळच्या साइटवरचा जेसीबी आणून तिला बाहेर ओढावं लागलं, आणि मऊ टायरांवर लंगडत लंगडत पंक्चरवाल्यापर्यंत न्यावं लागलं. कंपनीत पोचेपर्यंत सगळ्यांचा हाफ डे लागला. बबन पुढे महिनाभर बस सुरू करण्याआधी मागे वळून विचारायचा, "सुलतान, हवा ठिवू का सोडू?" कोळेकर चिडले नाहीत. फक्त म्हणाले, "काळ्या मातीचं प्रकरण पुस्तकात घालायला पाहिजे."

आणि मग या दिवाळीनंतर ती बातमी आली.

ओमानात बसगाड्या जोडणाऱ्या एका कंपनीला आमचा माल जायला लागला होता. तिथे पोचलेल्या भागांची तपासणी करायला आणि तिथल्या माणसांना पद्धत शिकवायला आमच्याकडून एक जण जायचा होता. दोन महिने मुक्काम. जाणं-येणं, राहणं, जेवणखाण सगळं कंपनीचं. फायनल इन्स्पेक्शनचा माणूस हवा होता. प्लांट हेड साहेबांनी मला विचारलं, "कोण जाईल?" मी खुर्चीतून उठूनच उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, हा प्रश्न आहे का? सुलतान!" साहेबसुद्धा हसले. त्यांनी तिथल्या तिथे नाव लिहून टाकलं. दुपारपर्यंत शॉपफ्लोअरवर बातमी पसरली आणि कॅन्टीनमध्ये कोणीतरी कोळेकरांच्या डोक्याला रुमालाचा फेटा बांधला.

कोळेकरांनी तो फेटा हळूच सोडला, घडी करून ज्याचा त्याला दिला, साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले. नको म्हणून सांगून आले होते.

"नको म्हणजे?" मी त्यांना मशीनमागे गाठलं.

"जमणार नाही."

"अहो, तब्येत ठणठणीत आहे. पासपोर्ट तयार आहे. इतकी वर्षं आमचं डोकं खाल्लंत त्या निझवाने आणि हायमाने!"

"घरी अडचण आहे."

"काय अडचण?"

"आहे," ते म्हणाले आणि गेज उचलून माल तपासायला लागले. त्या दिवशी त्यांनी माझा सगळा लॉट पहिल्या फटक्यात पास केला. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

साहेबांनी मला गुरुवारपर्यंतची मुदत दिली. शुक्रवारी दुसऱ्याचं नाव पाठवणार होते. कोळेकरांच्या घरी थोरले भाऊ असतात आणि त्यांची तब्येत बरी नसते, इतकं मी ऐकून होतो. पण घरी वहिनी होत्या, आणि दोन महिन्यांचा तर प्रश्न होता. हवं तर आमची ही जाऊन बसेल, मी रोज चक्कर मारीन, असं सगळं मनात जुळवून मी गुरुवारी दुपारी मोशीत त्यांच्या सोसायटीत गेलो.

दार सुमनवहिनींनी उघडलं. "या भावोजी," त्या म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणून, "चप्पल आत घ्या. आणि हे बघा, कुठनं आलात असं विचारलं, तर मस्कतहून म्हणा."

"कुणी विचारलं तर?"

तेवढ्यात गॅलरीतून हाक आली. "शिंदे, कोन आलंय बगा!"

"आलो," म्हणत कोळेकर बाहेर आले. मला बघून दचकले, मग माझ्या दंडाला धरून त्यांनी मला गॅलरीत नेलं. तिथे खुर्चीत एक उंचपुरे म्हातारे गृहस्थ बसले होते. डोक्याला चौकटीचा रुमाल गुंडाळलेला, हातात काठी. खाली सोसायटीत पाण्याचा टँकर रिकामा होत होता आणि त्यांची नजर त्याच्या पाइपवर होती. आमच्या या भागात नळापेक्षा टँकरवरच भिस्त.

"मस्कतहून आलाव?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"रस्ता कसा हाय?"

पाहुण्याने घरात शिरल्यावर बरं बोलावं, म्हणून मी म्हणालो, "झकास! चौपदरी झालाय आता. एकदम गुळगुळीत."

त्यांचा चेहरा पडला. "चौपदरी? कुठला चौपदरी? शिंदे, हे कुठनं आलं? आपन कुठं हाय?" ते उठायला लागले, तसे कोळेकर पटकन खाली बसले आणि त्यांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"विमानतळापाशी तुकडा केलाय नव्हं का, तेवढाच म्हणतायत ते. फुडं आपला जुनाच. आदम सोडलं की एकेरी. सायडीनं वाळू आलीया जरा."

"हां," म्हातारे टेकून बसले. "वाळू येनारच. वारं सुटलंय. हायमाचा पंप चालू हाय का?"

"हाय की. सकाळीच भरून घेतलं."

"मग झालं," ते म्हणाले आणि पुन्हा टँकरकडे बघायला लागले.

स्वयंपाकघरात वहिनींनी चहा टाकला. कोळेकर ओट्याला टेकून उभे राहिले. जे बसमध्ये इतकी वर्षं निघालं नव्हतं ते तिथे निघालं.

"दादा माझा. आईबाप लवकर गेले. मला आत्तीकडं ठेवून हा ओमानला गेला. पाण्याचा टँकर चालवायचा, वाळवंटातल्या कॅम्पवर. आमच्या तालुक्यातला माणूस, जन्मभर टँकरची वाट बघितलेला, आणि तिकडं जाऊन लोकांना पाणी पोचवत होता. मला शिकवलं, माझं लग्न लावलं, स्वतःचं राहूनच गेलं. दोन वर्षांनी कधी महिनाभर यायचा आणि झोपूनच राहायचा. मी कधी विचारलंच नाही, दादा तिकडं कसं असतं. थकून परत आला. मग हळूहळू डोक्यातलं इकडचं सगळं पुसत गेलं. तिकडचं तेवढं राहिलं."

"आणि शिंदे?"

"शिंदे कऱ्हाडचा. त्याचा खोलीतला जोडीदार. मी नाही बघितलेला कधी. सुरुवातीला मी भांडायचो, दादा, मी महादू. तर हा घाबरायचा. म्हणायचा, महादू एवढासा हाय, तुमी कोन म्हातारं? एक दिवस मला म्हणाला, शिंदे हायस का रं? मीही वैतागून म्हणालो, हाय. तर असा शांत झाला पवार, काय सांगू. आणि पहिला प्रश्न काय, हायमाचा पंप चालू झाला का? आता मला काय माहिती हायमा कुठं आलं! दुसऱ्या दिवशी जाऊन पहिलं पुस्तक आणलं."

मला माणचं रद्दीचं दुकान आठवलं. मी विचारायच्या आतच ते म्हणाले, "नव्या आवृत्तीतला एक्स्प्रेस रस्ता मी एकदा सांगून बसलो. दोन दिवस जेवला नाही. टँकर चुकीच्या रस्त्यानं गेला, माणसं तिकडं तहानेली असतील, म्हणून रडत होता. जुनं पुस्तक असलं की त्याचा रस्ता सापडतो."

"पण कोळेकर," मी म्हणालो, आणि हे मला बोलायलाच हवं होतं, "दोन महिने आम्ही सगळे बघू यांच्याकडे. तुम्हाला तो देश बघायचाच नाही का?"

"बघायचा आहे की. खोटं कशाला बोलू? तो रस्ता डोळ्यांनी बघायचा आहे. हायमाला उतरून त्या पंपावर उभं राहायचं आहे." त्यांनी गॅलरीकडे बघितलं. "पण मी ओमानला गेलो, तर ओमानात त्याच्यापाशी कोण राहील?"

मी चहाचा कप तोंडाला लावला, तो फार गरम होता, पण मी तसाच प्यालो. शुक्रवारी साहेबांना काय सांगायचं ते मला कळलं होतं.

निघताना गॅलरीत जाऊन मी दादांना नमस्कार केला. त्यांनी माझा हात सोडला नाही.

"गावाकडं कवा चाललाव?"

एव्हाना मीही तयार झालो होतो. "पुढच्या आठवड्यात सुट्टी आहे."

"मग येवढं काम करा माजं. जतला जावा. आमच्या आत्तीच्या घरी माजा धाकला भाऊ हाय. महादू. त्याला म्हनावं दादा बरा हाय. हितं पानी भरपूर हाय म्हनावं, काळजी करू नगंस. साळा सोडू नगंस. त्याला रातचं भ्या वाटतं, कुनाला सांगत न्हाई. म्हनावं आत्तीला हाक मार, लाजू नगंस." ते थांबले, काहीतरी शोधत असल्यासारखे. "आन् म्हनावं, दादानं तुला टाकलं न्हाई. दादा कामाला आलाय."

कोळेकर शेजारीच उभे होते, हातात रिकामे कप घेऊन. त्यांच्या चेहऱ्यावर शिंदेच होता. "सांगतील ते," ते म्हणाले. "माणूस भरवशाचा आहे."

ते मला सोडायला खाली आले. टँकर पाइप गुंडाळून निघाला होता, पार्किंगमध्ये पाण्याची तळी साचली होती. मी बाइक स्टँडवरून काढली, हेल्मेट घातलं. कोळेकर हलेनात.

"पवार," ते म्हणाले, "दादानं काय निरोप दिलाय?"

"अहो, तुम्ही तिथेच तर उभे होतात."

"तिथं शिंदे उभा होता. मला अजून कुणी काही सांगितलेलं नाही."

मी बाइक पुन्हा स्टँडला लावली आणि हेल्मेट काढलं. मग त्यांना सगळा निरोप सांगितला, दादांच्याच शब्दांत, काहीही न गाळता. कोळेकर खाली मान घालून ऐकत होते. शेवटचं वाक्य त्यांनी मला परत एकदा सांगायला लावलं.